संपादकीय : व्याकरणाचा धडा आणि आपला इतिहास



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संयुक्त जयंती-सोहळ्यानिमित्त ही वार्षिक स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस मनस्वी आनंद होत आहे. स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे ऋण मानावे आणि पुढील वर्षाचे संकल्प जाहीर करावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या वर्षी आढावा चिटणीसांच्या अहवालात स्वतंत्रपणे आला आहे. म्हणून ही जागा आम्ही एका लहानशा उपक्रमासाठी वापरीत आहोत. दर रविवारी बुद्धवंदनेनंतर, खुर्च्या आवरण्यापूर्वी, सभागृहाच्या एका कोपऱ्यात पाऊण तास चालणारा आपला इंग्रजी व्याकरणाचा वर्ग, हा तो उपक्रम होय.

या अमेरिकेत स्थायिक होऊन पंचवीस-तीस वर्षे झाल्यावर इंग्रजीचा वर्ग कशाला, असा प्रश्न काही मित्रांनी केला. प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेक जण अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक वा संगणकतज्ज्ञ म्हणून येथे आले. कचेरीतील व्यवहाराला लागणारे इंग्रजी त्यांच्याजवळ होते व आहे. परंतु मंडळ म्हणजे केवळ नोकरदार पुरुष नव्हेत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि पुष्कळ वर्षे घराच्या चार भिंतींतच राहिलेल्या भगिनी, मुलांनी उतारवयात येथे बोलावून घेतलेले आईवडील, आणि जिला मराठी समजते पण बोलता येत नाही अशी नवी पिढी, हे सारे मिळून आपले मंडळ होते. वर्ग त्यांच्यासाठी सुरू झाला. त्याला आजचे वळण मात्र एका प्रसंगाने लागले. तो येथे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या परिचयातील एका कुटुंबातील आजी जवळच्या वाचनालयात ज्येष्ठांच्या इंग्रजी संभाषणवर्गाला जाऊ लागल्या. आजींचे बालपण वऱ्हाडातील एका खेड्यात गेले. शाळा चौथीपर्यंत. एके दिवशी वर्गात प्रत्येकाने लहानपणीची एक आठवण सांगायची होती. आजींनी धीर करून सांगितली, 'माय फादर, वॉटर नॉट गिव्हिंग.' शेजारी बसलेल्या एका प्रेमळ बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि विचारले, 'तुमचे वडील इतके कठोर का होते?'

सोबत गेलेली बारा वर्षांची नात आधी हसली. घरी आल्यावर आजीला म्हणायचे काय होते ते तिला कळले, आणि मग ती गप्प झाली. पुढच्या रविवारी आजी आम्हांस म्हणाल्या, 'डॉक्टरसाहेब, माझ्या बापानं कोणाचं पाणी नाही तोडलं. त्याचंच तोडलं होतं. मी बोलली एक अन् झालं दुसरंच.'

या एका वाक्याने आम्हांस पुष्कळ दिवस अस्वस्थ केले. आजींची चूक शब्दांची नव्हती. पिता, पाणी, देणे, न देणे हे सारे इंग्रजी शब्द त्यांना ठाऊक होते. चूक रचनेची होती. मराठीत आपण म्हणतो, 'माझ्या वडिलांना पाणी देत नसत.' येथे कर्ता बोलून दाखविलेलाच नाही. 'देत नसत' या क्रियापदाच्या रूपावरून ते अनेक होते हे कळते, आणि 'वडिलांना' या शब्दाला लागलेला 'ना' हा विभक्तिप्रत्यय सांगतो की पाणी नाकारले गेले ते त्यांना. शब्द पुढेमागे केले तरी तो प्रत्यय अर्थाची राखण करतो. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही. तेथे राखण करतो तो शब्दक्रम. क्रियापदाच्या आधी जो बसला तो कर्ता. आजींनी वडिलांना आधी बसविले आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच अन्याय करणारा ठरला. उभ्या आयुष्याची साक्ष एका शब्दाच्या जागेने उलटली.

आपला वर्ग तोवर बाजारात मिळणाऱ्या एका पाठ्यपुस्तकावरून चालत असे. त्यात पोस्टमन, प्राणिसंग्रहालयाची सहल, दुकानातील खरेदी, थँक्सगिव्हिंगचे जेवण असे धडे होते. त्या पुस्तकाला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या देशात राहावयाचे त्या देशाचा रोजचा व्यवहार कळलाच पाहिजे. पण धडा संपल्यावर शिक्षक विचारीत, 'आता तुम्ही काही सांगा,' आणि वर्ग मुका होई. पोस्टमनविषयी कोणाला काही सांगावयाचे नव्हते. ज्याविषयी सांगावयाचे होते ते पुस्तकात नव्हते. तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीने ठरविले की व्याकरण तेच ठेवावे, उतारे मात्र आपले असावेत. दर आठवड्याला इतिहासातील वा आपल्या घरगुती चालीरीतींतील एका विषयावर दीडशे शब्दांचा सोपा इंग्रजी उतारा, आणि त्यातून व्याकरणाचा एकच मुद्दा. एवढेच. वर्षभरात या वर्गातून आम्ही काय शिकलो, त्याची काही उदाहरणे वाचकांसमोर ठेवतो.

पहिले उदाहरण पूर्ण भूतकाळाचे. इंग्रजीत भूतकाळातील दोन घटनांपैकी आधी घडलेली कोणती, हे दाखविण्यासाठी 'हॅड' योजतात. हा नियम पाठ करणाऱ्यास तो चार दिवसांत विसरतो. आमच्या वर्गाने तो महाडच्या उताऱ्यातून शिकला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. आता हे सारे साध्या भूतकाळात एकापाठोपाठ लिहिले तर तीन घटनांची यादी होते. पण 'बाबासाहेब तळ्यावर पोचले तेव्हा कायदेमंडळाने ठराव मंजूर केलेला होता' असे लिहिले की वाक्याचा अर्थच उभा राहतो. सत्याग्रहींनी कायदा मोडला नाही. कायद्याने आधीच दिलेला हक्क त्यांनी बजावला. एका 'हॅड'मध्ये महाडच्या सत्याग्रहाची नैतिक बाजू सामावलेली आहे. आणि न्यायालयाचा निकाल तर पुढे १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात लागला. तो तळ्यावर जाण्याच्या 'आधी' नव्हे, 'नंतर' येतो. सातवीतील एका मुलाने हा क्रम चुकविला, तेव्हा त्याची चूक व्याकरणाच्या शिक्षकाने नव्हे तर वर्गातल्या एका आजोबांनी दुरुस्त केली. त्यांना इंग्रजीचा काळ ठाऊक नव्हता, इतिहासाचा ठाऊक होता.

दुसरे उदाहरण कर्मणी प्रयोगाचे. आजींचे वाक्य दुरुस्त करताना वर्गाने दोन रचना पुढे ठेवल्या. एक, 'दे डिड नॉट गिव्ह माय फादर वॉटर.' दुसरी, 'माय फादर वॉज नॉट गिव्हन वॉटर.' दोन्ही बरोबर आहेत. पण दुसरीत 'ते' कोठे गेले? कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो आणि वाक्य तरीही पूर्ण भासते. शाळेच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत आपल्याविषयी जे लिहिले जाते ते पुष्कळदा याच प्रयोगात असते. अस्पृश्यांना गावाबाहेर ठेवले जाई, त्यांना मंदिरात येऊ दिले जात नसे, त्यांना शिक्षण नाकारले गेले. कोणी ठेवले, कोणी नाकारले, याचा पत्ता लागत नाही. जणू दुष्काळ पडावा तसे ते आपोआप घडले. मुलांना हा प्रयोग जरूर शिकवावा. शास्त्रीय लेखनात तो लागतोच, आणि कर्ता खरोखरच ठाऊक नसेल तेथे तोच प्रामाणिक असतो. पण त्याबरोबरच 'बाय हूम?' हा प्रश्न विचारण्याची सवयही लावावी.

या धड्यासाठी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मपर लेखनासारखे दुसरे पुस्तक नाही. ते १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले, आणि ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले तेथे आजही ते विद्यार्थ्यांपुढे ठेवले जाते. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. त्यांची जात कळताच स्टेशनमास्तरची मुद्रा पालटते. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळते, पण गाडी मुलांनीच हाकावयाची. जवळ शिदोरी आहे आणि प्यावयास पाणी नाही. परदेशी वाचकांसाठी लिहिलेल्या या मजकुरात वाक्ये सोपी आहेत, आवाज चढलेला नाही, आणि कर्ता प्रत्येक वेळी समोर उभा आहे. स्टेशनमास्तर, गाडीवान, शाळेत नळ उघडणारा शिपाई, अशी माणसे त्यात आहेत. ज्यांनी आयुष्यात कधी ना कधी परकीय वकिलातीच्या दारात रांग लावली आहे, त्या आपल्याला त्या शीर्षकाचा अर्थ निराळ्या तऱ्हेने समजावा.

तिसरे उदाहरण आमच्या व्यवसायातले आहे. दवाखान्यात आपली वडीलधारी माणसे सांगतात, 'आय अ‍ॅम हॅविंग पेन सिन्स टू इयर्स.' हे चुकते का, तर मराठीत आपण 'दोन वर्षांपासून दुखत आहे' असे वर्तमानकाळात म्हणतो आणि तेच जसेच्या तसे इंग्रजीत उतरवतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असलेल्या गोष्टीसाठी पूर्ण वर्तमानकाळ लागतो, कालावधीसाठी 'फॉर' आणि आरंभबिंदूसाठी 'सिन्स'. हे वाक्य चुकले तरी डॉक्टरला अर्थ कळतो. परंतु 'आय हॅड चेस्ट पेन' आणि 'आय हॅव हॅड चेस्ट पेन सिन्स मॉर्निंग' यांतील अंतर लहान नाही. पहिल्यात दुखणे होऊन गेले, दुसऱ्यात ते अजून छातीत आहे. वैद्यकाच्या भाषेत रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीलाच 'हिस्टरी' म्हणतात, आणि तिच्यावर निदानाचा बराच भाग अवलंबून असतो. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात दुभाष्या मागता येतो, तो रुग्णाचा हक्क आहे, आणि तो मागण्यात कसलाही कमीपणा नाही. तरीही स्वतःच्या देहाविषयी चार वाक्ये स्वतःच्या तोंडाने नीट सांगता येणे, यासारखे समाधान नाही. नातवंडांना दुभाषी करून आजीची नाजूक दुखणी त्यांच्या तोंडून वदवून घेणे आम्हांस तर मुळीच मान्य नाही.

चौथे उदाहरण उपपदांचे. मराठीत 'अ' आणि 'द' यांना प्रतिशब्द नाहीत, म्हणून ती आपल्याला शेवटपर्यंत छळतात. एका रविवारी वर्गाने घरच्या रीतींवर उतारा वाचला. घरातील बुद्धमूर्ती, पांढरी वस्त्रे, त्रिसरण-पंचशील, मंगल परिणयाचा साधा विधी, वैशाख पौर्णिमेची खीर. एका मुलीने लिहिले, 'वुई बो टू अ बुद्धा.' शिक्षकांनी विचारले, 'अ' की 'द'? त्यावरून अर्धा तास चर्चा रंगली. 'द बुद्धा' म्हटले की कपिलवस्तूचे शाक्यपुत्र गौतम, ज्यांना आपण वंदन करतो ते. 'अ बुद्धा' म्हटले की जो कोणी सम्यक संबोधी प्राप्त करील तो, कारण बुद्ध हे जन्मनाम नसून अवस्थेचे नाव आहे. उपपदाचा नियम सांगता सांगता धम्माचा एक मूलभूत विचार मुलांना समजला. शाळेत 'तुम्ही हिंदू ना?' असे विचारणाऱ्या मित्रांना उत्तर देण्यापुरते चार शब्दही हाती आले. घरगुती संस्कृतीवरील उतारे त्यासाठीच हवेत. सण-विधींची ही साधी माहिती आपल्या मुलांना सांगता आली नाही, तर त्यांच्याविषयी दुसरे कोणीतरी सांगेल आणि बहुधा चुकीचे सांगेल.

ही शिकवण्याची रीत आम्ही शोधून काढलेली नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. लहान उतारा आणि दोन भाषांतील ये-जा, हाच तो पाया. त्यावर १९१६ च्या ९ मे रोजी न्यूयॉर्कला वाचलेला भारतातील जातींवरील निबंध उभा राहिला. त्याही आधी, १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. शाळेत शिकणाऱ्या मुलीने पहिल्याच लेखनात आपल्या लोकांचा विषय घेतला. लिहावयास शिकणे आणि आपली हकीकत लिहिणे या तिच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या.

ज्या देशात आपण राहतो त्या देशातही हीच परंपरा आहे, आणि ती आपल्याला फार थोडी ठाऊक आहे. दक्षिण कॅरोलिनात १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला होता. फ्रेडरिक डग्लस यांना बाल्टिमोरमध्ये धनिणीने अक्षरे शिकविण्यास आरंभ केला तेव्हा धन्याने तिला थांबविले. मग त्या मुलाने रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचन शिकून घेतले आणि पुढे १८४५ साली स्वतःच्या हाताने आपले चरित्र लिहिले. गुलामगिरी गेली तरी अडसर गेला नाही. मतदार म्हणून नोंद व्हावी तर साक्षरतेची परीक्षा द्यावी लागे, आणि ती कृष्णवर्णीयांना अडविण्यासाठीच वापरली जाई.

त्या परीक्षेला उत्तर म्हणून जानेवारी १९५७ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील जॉन्स आयलंडवर एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. एसाव जेन्किन्स, सेप्टिमा क्लार्क आणि बर्निस रॉबिन्सन ही त्यामागची माणसे. वर्ग घेणाऱ्या रॉबिन्सनबाई केशरचनाकार व शिवणकाम करणाऱ्या होत्या, शिक्षिका नव्हत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना विचारले की तुम्हांला काय शिकावयाचे आहे. स्वतःचे नाव लिहिणे, बायबल वाचणे, टपालाने माल मागविण्याचा अर्ज भरणे, अशी उत्तरे आली, आणि तोच अभ्यासक्रम झाला. त्याबरोबर राज्याच्या निवडणूक कायद्याचे वाचनही. हेच वर्ग पुढे दक्षिणेच्या अनेक राज्यांत पसरले. नागपूरच्या धम्मदीक्षेला त्या वेळी जेमतेम तीन महिने झाले होते आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला एक महिना. जगाच्या दोन टोकांना दोन दलित समाज एकाच ऋतूत आपापला धडा गिरवीत होते. १९६५ साली या देशात मतदान हक्काचा कायदा झाला आणि त्याच वर्षी स्थलांतराचा नवा कायदाही झाला. त्या दुसऱ्या कायद्याच्या दारातून आपण आत आलो. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचे मन वळविले नसते तर ते दार उघडते ना. हे ऋण आपल्या मुलांना ठाऊक असावे, म्हणून जॉन्स आयलंडचा उतारा आमच्या वर्गात दर वर्षी वाचला जाईल.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मराठीत व्याकरणाला आपण सहजपणे 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द लावतो. ज्या समाजाने या दोन शब्दांचा दाह पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्याने ते भाषेच्या बाबतीत तरी जपून वापरावेत. चूक ही चूक असते, विटाळ नव्हे. ती दुरुस्त होते. परंतु आपल्याच घरांत आज इंग्रजीवरून एक नवी उतरंड तयार होताना दिसते. मुले आईच्या उच्चारांना हसतात. शाळेतल्या पालकसभेत नवरा बायकोला 'तू बोलू नकोस, मी बोलतो' म्हणतो. समारंभात सफाईने बोलणारा पुढे आणि अडखळणारा स्वयंपाकघरात. ज्यांनी आपल्या शिक्षणासाठी अंगावरचे दागिने मोडले, त्यांची भाषा आज आपल्याला लाजिरवाणी वाटावी? बाबासाहेबांनी शिक्षणाचा आग्रह सर्वांहून अधिक धरला. तरीही १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मताचा हक्क साक्षरतेच्या अटीवर अवलंबून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. शिका, पण शिकलेला नाही म्हणून कोणाचा माणूस म्हणून अधिकार काढून घेऊ नका, हा त्यातला धडा. आमच्या वर्गाचा म्हणूनच एक नियम आहे. चुकीवर हसावयाचे नाही, आणि चूक दुरुस्त केल्यावाचून सोडावयाचीही नाही.

कोणी म्हणेल, भावना कळली की पुरे, काळ-प्रयोग यांचे एवढे अवडंबर कशाला? आम्ही या मताशी सहमत नाही. २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील शालेय इतिहासात जातीविषयी काय लिहावे यावर मोठा वाद झाला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल नगर परिषदेने जातीवर आधारित भेदभावास बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी ते नाकारले. अशा प्रत्येक वेळी जनसुनावणी असते. बोलणाऱ्यास एक-दोन मिनिटे मिळतात. त्या मिनिटभरात कोणी केले, कोणाला केले, केव्हा केले आणि ते अजून चालू आहे की संपले, हे सांगावे लागते. हे चार प्रश्न म्हणजेच कर्ता, कर्म, काळ आणि त्याची पूर्णता. समोरचा मनुष्य वाईट नसतो. वाचनालयातील त्या बाईंप्रमाणे तो सहानुभूतीनेच ऐकत असतो. पण वाक्य उलटे गेले तर त्याची सहानुभूतीही उलट्या जागी जाते.

नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणाऱ्या ज्येष्ठांसाठीही हा वर्ग उपयोगी पडत आहे. त्या परीक्षेत तीन वाक्यांपैकी एक नीट वाचावयाचे आणि तीनपैकी एक नीट लिहावयाचे असते, आणि ती बहुधा या देशाच्या इतिहासाची व राज्यव्यवस्थेची असतात. वॉशिंग्टन, लिंकन, ध्वज, निवडणूक यांवरचे उतारे म्हणून आम्ही वगळलेले नाहीत. लिंकन यांच्यावरील उताऱ्याशेजारी डग्लस यांच्यावरचा ठेवला आहे, इतकेच.

आता वाचकांस विनंती. पुढील वर्षासाठी बारा उताऱ्यांची एक पुस्तिका काढण्याचा मंडळाचा मानस आहे. सहा इतिहासाचे, सहा रोजच्या जीवनाचे. इतिहासाचे उतारे कार्यकारिणी तयार करील. रोजच्या जीवनाचे मात्र आपल्या घरांतून यावेत. आजी-आजोबांनी मराठीत सांगावे, नातवंडांनी ते इंग्रजीत लिहावे. विहिरीची हकीकत, गिरणीतील पाळी, चाळीतील जयंतीची वर्गणी, दीक्षाभूमीचा पहिला प्रवास, पहिली बर्फवृष्टी, काहीही चालेल. पथ्ये तीनच. उतारा दीडशे शब्दांच्या आत असावा. साल व गाव पडताळून घ्यावे आणि अतिशयोक्ती करू नये, कारण खऱ्याला तिची गरज नसते. आणि प्रत्येक वाक्यात कर्ता कोण, हे मुलांनी आजीला विचारावे. या विचारण्यातच वर्गाचा निम्मा हेतू साध्य होईल. मुलांना इंग्रजी येते पण हकीकत ठाऊक नाही. आजीला हकीकत ठाऊक आहे पण इंग्रजी येत नाही. दोघांना एका टेबलाशी बसविणे, हे या पुस्तिकेचे खरे काम.

शेवटी सर्वनामाविषयी एक शब्द. मराठीत 'आम्ही' निराळे आणि 'आपण' निराळे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीला हा भेद नाही. तिच्या एकाच 'वुई'मध्ये दोन्ही नांदतात. या देशाच्या आणि भारताच्याही संविधानाची उद्देशिका याच सर्वनामाने सुरू होते. त्या 'वुई'त आपण आहोत की बाहेर, हे व्याकरण सांगत नाही, आपल्याला सांगावे लागते. आजी आता पुन्हा वाचनालयात जाऊ लागल्या आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी त्याच बाईंना तीच आठवण पुन्हा सांगितली, या वेळी 'दे'पासून सुरुवात करून. बाईंनी विचारले, 'ते म्हणजे कोण?' आणि मग, नात सांगते, आजी चांगल्या वीस मिनिटे बोलल्या. चुका बऱ्याच झाल्या. कर्ता एकदाही चुकला नाही.

 छपाईत राहिलेल्या चुकांबद्दल क्षमस्व. त्या आम्हांस अवश्य कळवाव्यात. चूक दाखविणाऱ्यास आमचे मंडळ मित्र मानते.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय. जय भीम.

— संपादक